वीस पावलांच्या आत

गाय तंबू चाटत होती. आत आम्ही दोघं दम धरून बसलो होतो आणि बाहेरून तिची खरखरीत जीभ कापडावरून वर-खाली फिरत होती, कानाशी कुणी पॉलिशपेपर घासावा तशी. त्या कापडाला कसली चव लागली होती कोण जाणे. मास्तरांनी धनुष्य मांडीवर आडवं धरलं होतं. ते हसलेही नाहीत आणि हललेही नाहीत. शेवटी गाय कंटाळली, हौदावर जाऊन पाणी प्यायली आणि कळपामागे निघून गेली. वायोमिंगच्या त्या माळावर मग पवनचक्कीची करकर तेवढी उरली. साडेदहा वाजले होते. आम्ही पहाटे पावणेपाचपासून बसलो होतो आणि अंधार पडेपर्यंत बसणार होतो.

मास्तर हे मी ठेवलेलं नाव. कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला ते आमचे शेजारी आहेत. सत्तरी ओलांडलेली, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. गॅरेजमध्ये त्यांची रंधा-पटाशी चालू असते आणि मी चहाचा कप घेऊन कुंपणापाशी उभा राहतो, अशी आमची ओळख वाढत गेली. एका उन्हाळ्यात म्हणाले, ‘‘यंदा लॉटरीत माझा अँटिलोपचा परवाना लागलाय. येतोस का? तुला गप्प बसता येतं, हे मी पाहिलंय.’’ एवढ्याच पात्रतेवर माझी निवड झाली. गावी फोन केला तर आबा म्हणाले, ‘‘हरणामागं लागून कुणाचं बरं झालंय का? रामाचंबी नाही झालं.’’

आबांचं हरणांशी जुनं नातं आहे. आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, रेहेकुरीच्या अभयारण्यापासून हाकेच्या अंतरावर. काळवीट आम्हाला पुस्तकात शिकावं लागलं नाही. आमची ज्वारी खाऊन गेलेलं काळवीट आम्ही सकाळी खुरांवरून ओळखायचो. १९७२च्या कायद्याने त्याला हात लावायची सोय राहिली नाही, हेही तितक्याच लवकर कळलं. त्यामुळे हरणाची शिकार ही माझ्या डोक्यात एक तर पुराणातली गोष्ट होती, नाही तर पोलिस केस. कागदावर शिक्का मारून सरकारच एका माणसाला एक हरीण देतं, हे पचायलाच मला दोन दिवस लागले.

इथले लोक ज्याला अँटिलोप म्हणतात ते खरं तर अँटिलोप नव्हेच. प्रॉन्गहॉर्न हे त्याचं नेमकं नाव. शिंगाला पुढच्या बाजूला एक फाटा असतो, त्यावरून पडलेलं. या प्राण्याचं सबंध कूळ उत्तर अमेरिकेत घडलं आणि त्यातला हा एकटाच आज शिल्लक आहे. जिवंत भाऊबंदांमध्ये सर्वांत जवळचे म्हणाल तर जिराफ आणि ओकापी. शिंगांचं प्रकरण तर जगात दुसरीकडे नाही: आत हाडाचा गाभा आणि त्यावर नखासारख्या द्रव्याची खोळ. माजाचा हंगाम संपला की खोळ गळून पडते, आत नवी तयार होत असते. मास्तरांच्या गॅरेजात अशी एक खोळ खुंटीला टांगलेली आहे. आत बोट घातलं तर केस लागतात.

१८०४च्या सप्टेंबरात लुईस आणि क्लार्क यांची शोधतुकडी मिसूरी नदीने वर जात असताना क्लार्कने एक मारलं आणि वहीत त्याची नोंद बोकड म्हणून केली. शास्त्रीय नावाचं बारसं १८१५मध्ये झालं, पण बोकड काही सुटला नाही. वायोमिंगचे शिकारी आजही त्याला लाडाने ‘स्पीड गोट’ म्हणतात. स्पीडबद्दल वाद नाही. ताशी सुमारे ८८ किलोमीटरपर्यंत ते पोहोचतं. चित्ता याहून वेगवान खरा, पण चित्त्याचा दम काही सेकंदांत संपतो. हे धावतच राहतं.

का धावतं एवढं? आजच्या अमेरिकेत त्याला गाठू शकेल असं जनावरच नाही. कोयोट पाडसं उचलतात, पण भर वयातल्या नराला कोयोटापासून पळायला एवढ्या वेगाची गरज नाही. आयडाहो विद्यापीठाच्या जॉन बायर्स यांनी मोंटानातल्या नॅशनल बायसन रेंजवर वर्षानुवर्षं या प्राण्यांचं निरीक्षण केलं आणि १९९७मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की प्रॉन्गहॉर्न भुतांपासून पळतंय. सुमारे बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेला अमेरिकन चित्ता, मोठे लांडगे, लांब पायांची अस्वलं. मागे धावणारे गेले, पळणं तेवढं अंगात राहिलं. ही मांडणी सगळ्यांना पटलेली नाही. तो चित्ता खरोखर माळावर पाठलाग करायचा की कड्याकपारीत दबा धरायचा, यावर मतभेद आहेत. पण हे वाचताना मी थांबलो तो वेगळ्याच कारणाने. रेहेकुरीचं काळवीट काय करतं? तेही तसंच उधळतं, उंच उड्या घेत, आणि त्याच्याही मागे कुणी नसतं. आपल्याकडचा चित्ता संपल्याचं १९५२मध्ये जाहीर झालं. फरक एवढाच, की आपलं भूत ताजं आहे. कोल्हापूर दरबारचे चित्ते आणि चित्तेवान पाहिलेली माणसं आमच्या आजोबांच्या पिढीत होती. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीत बसवून कळपाजवळ न्यायचे. काळवीट माणसाला बिचकतं, बैलगाडीला बिचकत नाही.

त्या गाडीची आठवण मला सप्टेंबरात पुन्हा झाली. ते पुढे येईल.

*

पारंपरिक धनुष्य म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे बहुतेक लोक जे वापरतात त्याला मास्तर ‘यंत्र’ म्हणतात. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९मध्ये कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. दोन्ही टोकांना कप्प्या, त्यांवरून फिरणाऱ्या तारा. पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, मग आरामात धरून, दुर्बिणीसारख्या छिद्रातून नेम घेऊन, खटक्याने सोडायचं. सराव असलेला माणूस पन्नास-साठ मीटरवरही बिनचूक मारतो.

मास्तरांचं धनुष्य म्हणजे ऑसेज ऑरेंज नावाच्या झाडाची एक फोड. लाकूड पिवळंजर्द, म्हातारपणी तपकिरी होणारं. एका फळीत एकच वार्षिक वलय पाठीवर अखंड राहील असं ते तासायचं, त्यात रंध्याचा एक हात चुकला तर महिन्याची मेहनत चुलीत. ओढ पन्नास पौंडांची, म्हणजे साधारण तेवीस किलो, आणि हा भार शेवटपर्यंत बोटांवर. नेमाला काटा नाही, खूण नाही. बाण सीडरच्या काडीचे, मागे टर्कीची पिसं, पुढे दोन धारांचं पोलादी पातं. पातं ते कानशीने आणि मग चामड्यावर घासतात. धार लागली की नाही हे मनगटावरचे केस काढून बघतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये त्यांचा डावा हात तुळतुळीत असतो.

‘‘कुठवर मारता?’’ मी विचारलं होतं.

‘‘वीस पावलं. एकविसावं नाही.’’

या हौसेची अमेरिकेतली गुरुपरंपरा एका विचित्र दुःखापाशी जाऊन थांबते. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावी एका कत्तलखान्याच्या आवारात उपाशी, एकटा माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा होता; बाकीच्यांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि उपासमारीने संपवलं होतं. आपलं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. लोक त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विद्यापीठीय संग्रहालयात त्याची राहायची सोय केली आणि तिथे शेजारच्या रुग्णालयातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला, बाण घडवायला, हरणाच्या जवळ जायला शिकले. १९१६मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी १९२३मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि ते वाचून हजारो गोऱ्या माणसांनी धनुष्य उचललं. १९६१मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या मोठ्या क्लबाला पोप आणि त्यांचे जोडीदार आर्थर यंग यांची नावं आहेत. इशीचं नाही. त्याचा मेंदू मात्र काढून वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये पाठवला होता. तो त्याच्या भाऊबंद जमातींच्या हाती पडायला २००० साल उजाडलं. मास्तर हे सांगतात तेव्हा हातातलं काम थांबवतात. गुरूचं नाव घेताना आपल्याकडे गवई कानाची पाळी धरतात, तसंच काहीसं.

*

तंबूत दुपारी भट्टी झाली. मागची खिडकी बंद ठेवावी लागते, नाही तर उजेडावर आपली सावली दिसते. अंगात काळे कपडे, तोंडाला काळं. पाण्याची बाटलीसुद्धा काळ्या मोज्यात. मी एक कादंबरी नेली होती. पान उलटायचा आवाज मास्तरांना पसंत नव्हता, म्हणून एकच पान चार वेळा वाचलं.

दोनच्या सुमाराला त्यांनी माझ्या गुडघ्याला बोट लावलं. क्षितिजावर पांढरे ठिपके. हे लोक सांगतात की प्रॉन्गहॉर्नला आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण जन्मतःच मिळालेली असते. अतिशयोक्ती सोडून द्या, पण डोळे खरोखर डोक्याच्या मानाने अवाढव्य आणि अगदी बाजूला बसवलेले, काळेभोर. समोर बघतानाही त्याला जवळजवळ मागचं दिसतं. धोका वाटला की पार्श्वभागावरचे पांढरे केस फुलासारखे उभारतात आणि मैलभर दूरच्या कळपालाही वर्दी जाते.

चार माद्या आणि तीन पाडसं आली. हौदापर्यंतचे शेवटचे शंभर मीटर चालायला त्यांनी चाळीस मिनिटं घेतली. दोन पावलं, थांबणं, मागे बघणं, उगाचच सगळ्यांनी उधळणं, परत येणं. प्यायला लागल्यावर त्यांच्या गळ्यातून पाण्याचे घोट वर सरकताना दिसत होते. एवढ्या जवळ. एका पाडसाच्या ओठाला शेवाळ चिकटलं होतं. मास्तरांचा परवाना नराचा, त्यामुळे ते माझ्यासारखेच प्रेक्षक.

नर आला तो साठ पावलांवर थांबला. काळे गाल, उंच शिंगं, तंबूकडे रोखून बघत. पाऊण तास. यंत्रवाल्याने केव्हाच बाण सोडला असता. मास्तरांनी दोरीला बोटं लावली, काढली, परत लावली नाहीत. नर वळला आणि तहानलेलाच निघून गेला. मला वाटलं मास्तर हळहळतील. ते सँडविच काढून खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी संधी आली आणि गेली, आणि ती कशी गेली हे मी नंतर कागदावर गणित मांडून समजून घेतलं. नर सोळा मीटरवर, आडवा, पाणी पीत. लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नासेक मीटर जातो, म्हणजे पोहोचायला सेकंदाचा एक तृतीयांश. पण दोरीचा आवाज तिथे सेकंदाच्या विसाव्या भागातच पोहोचला. मधला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ नराचा. त्याने त्या वेळात काही ठरवलं नाही, फक्त उडी घेण्यासाठी गुडघे वाकवले. उडी मारायची तर आधी खाली बसावंच लागतं. बाण पाठीच्या वरून, केसांना वारा देत, पलीकडच्या मातीत. नर तीनशे मीटरवर जाऊन उभा राहिला आणि शिंकल्यासारखा आवाज काढला. मास्तर म्हणाले, ‘‘मी त्याच्यावर मारला. तो जिथे असणार होता तिथे मारायला हवा होता.’’

पण तो बाण चार बोटं खाली आणि वीतभर मागे लागला असता तर? धनुष्याच्या शिकारीवरचा खरा आक्षेप हाच आहे आणि मास्तर तो टोलवत नाहीत. गोळी आपल्या धक्क्यानेही मारते. बाण फक्त कापतो, आणि चुकीच्या जागी कापलं तर जनावर दोन दिवस कुठे तरी मरत राहतं. त्यांनी चाळीस वर्षांत दोन जनावरं अशी गमावली आहेत. ती कुठे, कोणत्या महिन्यात, हे ते तारखेसकट सांगतात. वीस पावलांचा नियम त्यातून आला. माझं म्हणाल तर त्या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही. बंदूक जास्त दयाळू आहे असं मला आजही वाटतं आणि मी ते त्यांना सांगितलंही आहे. ‘‘असेल,’’ म्हणाले.

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. माज चढायला लागला होता. आता नराला पाण्यापेक्षा दुसरा नर जास्त दिसतो. गाडीतून मास्तरांनी दोन वस्तू काढल्या: प्लास्टिकच्या पत्र्यावर छापलेला एक तरुण प्रॉन्गहॉर्न, आणि घडी घालता येणारी कापडी गाय.

‘‘तू गाय धर,’’ म्हणाले.

तर मी, कर्जत तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा, वायोमिंगच्या माळावर कापडी गाय पुढे धरून, वाकून, कोपरांत निवडुंगाचे काटे घेत तासभर सरकलो. मधूनमधून गाईला चरल्यासारखं थांबवायचं. आणि तेव्हा मला ती चित्त्याची बैलगाडी आठवली. तसेच आमच्याकडे पूर्वी पारध्यांतले काही लोक शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून हरणाजवळ जायचे. जनावर चरत चरत तिरकं पुढे सरकायचं आणि माणूस त्याच्या पोटाआड. शंभर वर्षांपूर्वी रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातींवर लिहिताना या पोटशाखेचं नाव ‘गायके’ असं दिलं आहे. त्या लोकांना इंग्रज सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवलं, स्वातंत्र्यानंतर हा शिक्का कागदावरून पुसला तरी माळावरची त्यांची विद्या गुन्हाच राहिली. इथे तीच विद्या दुकानात घडी घालून मिळते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आदिवासींनी प्रॉन्गहॉर्नची दोन मर्मं फार पूर्वी ओळखली होती. एक, त्याला चौकसपणा आवरत नाही: गवतात पडून फडकं हलवलं की ते बघायला येतं. दुसरं, ते अडथळ्यावरून उडी मारत नाही. मारू शकतं, पण मोकळ्या माळावर लाखो वर्षं गेली, उडी मारण्यासारखं आडवं काही आलंच नाही. म्हणून शोशोनी आणि पायूट लोक सेजच्या झुडपांची छातीएवढी आवारं रचून कळपच्या कळप आत हाकायचे. झुडपांची ओळ पुरायची.

तीनशे मीटरवर मास्तरांनी गाय खाली ठेवायला लावली आणि छापील नर उभा केला. रामायणात खोट्या हरणाने धनुर्धराला भुलवलं. इथे सगळं उलटं. माळावरच्या नराने मान वर केली. मानेची आयाळ उभी राहिली. पहिल्यांदा तो चालत आला, मग नुसता चालत नव्हता. तीनशे मीटर त्याने किती सेकंदांत कापले ते मी मोजलं नाही, मी गाईला मिठी मारून पडलो होतो. खुरांचा आवाज मात्र आधी जमिनीतून छातीत आला. अठरा पावलांवर तो आडवा थांबला, कारण समोरचा शत्रू हलत नव्हता आणि ते त्याला समजेना. मास्तर गुडघ्यावर. त्यांच्या खांद्याची हाडं शर्टाखाली जवळ येताना दिसली, बोटं हनुवटीला लागली आणि तिथून मागे गेली, इतकंच.

नर ऐंशी पावलं पळाला. शर्यत लावल्यासारखा पळाला, मग पाय एकमेकांत आले. आम्ही तरीही अर्धा तास जागेवरून उठलो नाही. मास्तर घड्याळ मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांचे हात थरथरत होते, सत्तरी म्हणून नव्हे.

जवळून पाहिला तेव्हा पहिल्यांदा कळलं ते केसांचं. जाड, ठिसूळ, आतून पोकळ. मुठीत धरले की तुटून हातात येतात. डोळ्यांवर लांब काळ्या पापण्या. धुळीने भरलेल्या त्या आधी मी बोटाने पुसल्या, मग कशाला पुसतोय असं वाटून थांबलो. मास्तरांनी परवान्याच्या कुपनावर तारीख कापली, सही केली आणि कोट काढला. पुढची पन्नास मिनिटं सुतारकामासारखी गेली. कातडं लगेच उतरवायचं, मांस लगेच बर्फात. प्रॉन्गहॉर्नच्या मांसाला सेजचा उग्र वास येतो, असं लोक म्हणतात. मास्तरांच्या मते तो वास आळसाचा असतो. बाण आरपार जाता जाता पळण्यात मोडला होता. पिसांकडचा तुकडा त्यांनी पुसून खिशात ठेवला.

एक मांडी आमच्या वाट्याला आली. बायकोने नगरचा काळा मसाला आणि सुकं खोबरं भाजून रस्सा केला. मास्तर तीन भाकऱ्या खाऊन म्हणाले, आजवर मी हे जनावर वाया घालवत होतो. आबांना मी फोटो पाठवला नाही.

*

एवढ्यावर हा लेख संपला असता, पण मास्तरांचा परवाना तिथे संपत नाही.

एके काळी हे प्राणी कोट्यवधी असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काही हजारांवर आले होते. शिकारीवर बंदी, मग मोजूनमापून परवाने, आणि १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या खात्यांकडे. पुढे धनुष्यबाणही त्या करात आले. आज ते पुन्हा लाखांत आहेत आणि सर्वांत जास्त वायोमिंगमध्ये. गोळीपासून वाचले ते आता काटेरी तारेला अडतात. उडी न मारणारा प्राणी तारेखालून सरपटतो. खालची तार ठेंगणी असेल तर पाठ सोलून निघते, आणि बर्फ साठलेला असेल तर खालून जायची वाटच उरत नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायोमिंगमध्ये हजारो मेले. पाइनडेलजवळ ट्रॅपर्स पॉइंटला त्यांच्या हंगामी वाटेवर २०१२मध्ये रस्त्यावरून पूल बांधला. त्याच चिंचोळ्या जागेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी माणसांनी मारलेल्या प्रॉन्गहॉर्नची हाडं सापडली आहेत, म्हणजे वाट तेवढी जुनी. पण पूल एखाद-दुसरा, तारा हजारो मैल.

मे महिन्यात मास्तर मला पुन्हा घेऊन गेले, पक्कड आणि हातमोजे देऊन. गुरं पाळणाऱ्या मालकाची परवानगी होती. हौदापासून दोनेक मैलांवरच्या कुंपणाची सर्वांत खालची काटेरी तार काढायची, तिथे बिनकाट्याची गुळगुळीत तार लावायची, जमिनीपासून सोळा इंचांवर. जुन्या तारेच्या काट्यांत जागोजागी पांढरट केस अडकले होते. मुठीत धरले की तुटत होते.

टेप गाडीत राहिली, असं मी म्हणालो. मास्तरांनी खिशातून मोडका बाण काढला. पिसांकडून सोळा इंचांवर चाकूने पाडलेली खाच होती. बाण त्यांनी पिसं खाली करून खांबाशी उभा धरला, मी तार खाचेपर्यंत ओढली, त्यांनी पीळ दिला. मग पुढचा खांब.